ते बोट आणि ती बोट

अलिबाग तालुक्यात, धरमतरच्या खाडीच्या मुखाशी, रेवस नावाचे बंदर आहे. तेथल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला "बोट म्हणजे काय रे?" असे विचारले, तर तो क्षणभर थांबेल आणि उलट विचारील, "कुठलं? ते बोट का ती बोट?" घाटावरच्या मुलाला हा प्रश्न सहसा सुचायचा नाही. बोट म्हटले की त्याच्या मनापुढे आधी हाताचे बोट येते; पाण्यावरची बोट त्याने बहुधा चित्रात, नाही तर सहलीत पाहिलेली असते. मोरा बंदरापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र दोहोंचाही राबता सारखाच. 'दोहोंचाही' असे मोघम म्हणावे लागते; कारण 'दोन्ही बोटे' म्हटले तर ती हाताची होतात आणि 'दोन्ही बोटी' म्हटले तर पाण्यातल्या!

या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते नाही. एकाच आळीत एकाच नावाचे दोन गृहस्थ राहावेत, त्यांपैकी एक पिढीजात तेथला आणि दुसरा दूरदेशीहून येऊन स्थायिक झालेला, तसा हा प्रकार आहे. हाताचे बोट हे मराठीच्या घरातले जुने माणूस. त्याच्याभोवती भाषेने केवढा पसारा मांडून ठेवला आहे! गुरुजी नेमके चुकीवर बोट ठेवतात; नवल वाटले की आपण तोंडात बोट घालतो; रागावलेली म्हातारी शेजारणीच्या नावाने बोटे मोडते; ज्याला ठाम बोलण्याचे धैर्य नाही त्याला लोक बोटचेपा म्हणतात; आणि पाची बोटे सारखी नसतात, हे तर प्रत्येक भावंडाला केव्हा ना केव्हा ऐकून घ्यावेच लागते. पाण्यावरची बोट मात्र इंग्रजीतून आली. येताना ती एकटी आली, हातात पिशवीसुद्धा नव्हती. पुढे तिने जो संसार थाटला, तो सारा येथला.

मग त्यापूर्वी आपल्याकडे पाण्यावर चालणारे काही नव्हते की काय? छे! नावांची नुसती रेलचेल होती. होडी, मचवा, पडाव, शिबाड, गलबत, गुराब. आकाराप्रमाणे, कामाप्रमाणे, डोलकाठ्यांच्या संख्येप्रमाणे वेगवेगळी नावे. अलिबागच्या समोर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला ज्यांच्या आरमाराचे ठाणे होता, ते कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले. त्यांच्या गुराबांनी आणि गलबतांनी इंग्रजांना इतके सतावले होते की, 'गुराब' हा शब्द इंग्रजांच्या कागदपत्रांतच जाऊन बसला. त्यांनी त्याचे रूप 'ग्रॅब' असे केले. पण गुराब तरी मूळचा आपला कोठे होता? तो अरबी, त्या भाषेत त्याचा अर्थ कावळा. 'बंदर' फारसी. बोटीच्या मालकाला कोळीबांधव ज्या आदराने 'नाखवा' म्हणतात, तो शब्दही फारसीतल्या 'नाखुदा' या शब्दापासून झालेला. समुद्रकाठची भाषा कधी सोवळी राहिलीच नाही. ज्या वाऱ्याने गलबते आली, त्याच वाऱ्याने शब्द आले.

तेव्हा एवढ्या भरल्या घरात आणखी एका शब्दाला जागा मिळाली ती का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्रात सापडते. १८३० साली 'ह्यू लिंडसे' नावाचे वाफेचे जहाज मुंबईहून निघून सुएझला गेले. तोवर किनाऱ्याने पाहिले होते ते शिडाचे आणि वल्ह्यांचे जग. वारा पडला तर गलबत खोळंबे. वारा उलटा असला तर वळणे घेत घेत पुढे सरके. आता शीड न उभारता, वाऱ्याची पर्वा न करता, धुराचा लोट सोडीत जाणारे काहीतरी नवीन आले. त्याला मचवा कसे म्हणावे? गलबत तरी कसे म्हणावे? लोकांनी इंग्रजांच्या तोंडचा 'बोट' घेतला, त्याच्यामागे आपला 'आग' जोडला, आणि 'आगबोट' असा नवा शब्द घडवला. इंग्रजी नावात वाफ होती. पण वाफ कोंडलेली, ती काही दिसत नाही. काठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसला धूर, आणि बॉयलरच्या तोंडाशी दिसला जाळ. जे दिसले ते त्याने नावात घातले. आगगाडी, आगकाडी, आगपेटी ही त्याच आगीची भावंडे. कोणत्याही पंडिताला विचारून हे शब्द झाले नाहीत, म्हणूनच कदाचित ते इतके नेमके झाले. पुढे वाफ गेली, कोळसा गेला, तेलावर चालणारी इंजिने आली. आगबोटीतली आग विझली आणि नुसती बोट उरली.

परका शब्द घरात आला की मराठी त्याला पहिला प्रश्न विचारते, "तू तो, ती, की ते?" हाताचे बोट नपुंसकलिंगी. तो शब्द घरासारखा चालतो: घर, घरे, घरात, बोट, बोटे, बोटात. नव्या बोटीला मात्र स्त्रीलिंग मिळाले. होडी ती, नाव ती, नौका ती. त्यांच्या पंक्तीला ही बसली आणि भिंतीसारखी चालू लागली: भिंत, भिंती, भिंतीत. बोट, बोटी, बोटीत. मचवा पुल्लिंगी आणि गलबत नपुंसकलिंगी होते. त्यांची वाट तिने धरली नाही. ही वाटणी कोणी केली? कोणत्याही सभेत ठराव झाला नव्हता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या खलाशांनी, ओझी वाहणाऱ्या हमालांनी आणि टोपल्या घेऊन बसलेल्या कोळिणींनी ती केली, आणि ती इतकी चोख केली की, आज कोणालाही व्याकरण न पढवता "माझ्या बोटाला लागलं" आणि "मी बोटीला गेलो" यांतला फरक कळतो.

सगळ्याच शब्दांची अशी सोय झालेली नाही. 'नांगर' घ्या. रायगडचा किनारा म्हणजे अर्धी शेती आणि अर्धा समुद्र. तेथे एक नांगर भाताच्या खाचरात चालतो, तर दुसरा साखळीला बांधून समुद्रात टाकतात. पहिला संस्कृत 'लांगल' या शब्दापासून आला, दुसरा फारसी 'लंगर' या शब्दापासून. मराठीत येईपर्यंत दोघांचा चेहरा एक झाला आणि लिंगही एकच राहिले. 'त्याने नांगर उचलला' एवढे वाक्य कानावर पडले, तर तो माणूस बांधावर उभा आहे की डेकवर, हे सांगता यायचे नाही. त्या मानाने बोट भाग्यवान.

बोट आली म्हणून होडी काही हद्दपार झाली नाही. दोघींनी कामे वाटून घेतली. वल्ह्यांनी चालणारी, खाडीत जाळे टाकायला नेण्याची, लहानखुरी, ती बहुधा होडीच. इंजिन बसले, आकार वाढला, चार दिवस समुद्रात राहण्याइतका बर्फ तिच्या पोटात मावू लागला, की ती बोट. राजपुरीहून जंजिरा किल्ल्यात प्रवाशांना नेणाऱ्या शिडाच्या असतात त्या होड्या. आणि पहिल्या पावसात ओहोळात सोडायची ती कागदाची होडीच. तिची बोट करण्याचे मुलांनाही फारसे सुचत नाही. शिबाड आणि पडाव यांचे मात्र हाल झाले. वस्तू गेली आणि तिच्यामागून शब्दही चालला. ज्या बंदरांत डोलकाठ्यांचे रान उभे असे, तेथे आज शिबाड म्हणजे काय हे सांगू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. याचा दोष बोटीला देणारे लोक आहेत. पण शिडाचे जहाज यंत्राने मागे टाकले, शब्दाने नव्हे.

सरकारी कागदावर आणि वर्तमानपत्रात बोटीची 'नौका' होते. 'यांत्रिक नौका', 'मच्छीमार नौका' असे छापलेले असते. नौका हा देखणा शब्द आहे; त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु त्याला एक काम मुळीच जमत नाही. पावसाळा तोंडावर आलेला असावा, वारा सुटलेला असावा, लाटांवर बोट वरखाली होत असावी, आणि एखादा प्रवासी कठड्याला धरून पोटातले सगळे समुद्राला अर्पण करीत असावा. त्या वेळी शेजारची बाई काय म्हणते? "बोट लागली हो बिचाऱ्याला!" आणि कनवटीचा आवळा किंवा पिशवीतले लिंबू काढून त्याच्या हातावर ठेवते. "नौका लागली हो बिचाऱ्याला," असे म्हटले, तर तो बिचारा तशा स्थितीतही हसेल. त्या वेळी कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय एक सांगत असते आणि डोळे दुसरेच सांगत असतात, त्या भांडणात पोट ढवळून निघते, असे वैद्यकशास्त्र म्हणते. मराठीने मात्र एकाच क्रियापदात काम भागवले. ऊन लागते, थंडी लागते, दृष्ट लागते, तशी बोटही लागते. घाटातल्या वळणांवर पुढे याच धर्तीवर एस.टी. लागू लागली.

या 'लागणे'ची गंमत अशी की, तीच बोट धक्क्यालाही लागते. "बोट लागली" हे शब्द ऐकून धक्क्यावरची माणसे सामान उचलून धावतात, तर बोटीतली माणसे लिंबू शोधतात. आणि त्या गर्दीत कोणाच्या डोळ्याला कोणाचे बोट लागले, तर तिसरेच प्रकरण उभे राहते. मराठी शिकू पाहणाऱ्या परक्या माणसाची येथे दया येते.

बोटीचा आणखी एक अर्थ कोकणातल्या घराघरांत आहे, आणि तो शब्दकोशात शोधून नीट कळणार नाही. "तुझे वडील काय करतात?" या प्रश्नाला वर्गातला एखादा मुलगा उत्तर देतो, "बोटीवर असतात." तेवढ्यात सगळे येते. वडील व्यापारी जहाजावर नोकरीला आहेत. महिनोन् महिने घरी नसतात. कोठल्या समुद्रात आहेत हे घरच्यांना नेहमी ठाऊक असतेच असे नाही. घरखर्चाला त्यांचा पैसा येतो, आणि धाकटीच्या बारशाला ते नव्हते. खरे म्हणजे ते जहाज, अवाढव्य जहाज. त्याच्या डेकवर गावाचा बाजार भरेल. पण 'जहाजावर असतात' असे सहसा कोणी म्हणत नाही. 'बोटीवर' म्हटल्याने ते अंतर थोडे कमी होत असावे. "बाबा बोटीवरून उतरले," असे निरोपात आले की, घर सारवण्यापासून तयारी सुरू होते.

जाणे-येणे हे या शब्दाच्या नशिबीच होते. रस्ते आणि पूल नव्हते तेव्हा मुंबई गाठायची ती बोटीने. गिरणगावातल्या कापडगिरण्यांत काम करणारी कितीतरी माणसे या किनाऱ्याची होती. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. सणासुदीला माणूस घरी येई, आणि सण संपला की पुन्हा धक्क्यावर निघे. बरोबर पोहोचवायला बायको, डोक्यावर गाठोडे घेतलेली आई, आणि बापाच्या हाताला लोंबकळणारे पोर. भोंगा वाजला की बाप फळीवर पाय ठेवी, आणि मुलाच्या मुठीतून आपले बोट सोडवून घेई. इकडे बापाने बोट सोडले, तिकडे सारंगाने बोट सोडली. कानाला फरक जाणवतो तो केवढासा; पण त्या एका स्वराच्या अंतरात पोराचा बाप दिसेनासा होई.

असाच आणखी एक स्वर आहे, आणि रेवसच्या बाजूची वृद्ध माणसे तो जपून उच्चारतात. दुधाच्या पेल्यात लहान मुलाचे बोट बुडाले, की घर हसते. बोट बुडाली, म्हटले की ओसरीवर शांतता होते.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. आषाढातली अमावास्या आली होती, आणि मुंबईत राहणारी पुष्कळ माणसे सणासाठी गावाकडे निघाली होती. सकाळी 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. प्रवास फार तर दीड-दोन तासांचा, नेहमीच्या पायाखालचा म्हणावा असा. वाटेत पावसाने गाठले, वारा उसळला, लाटा डेकवर येऊ लागल्या. घाबरलेली माणसे पाणी चुकवण्यासाठी एका बाजूला सरली, आणि काश्याच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मासे घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी जमेल तितक्यांना पाण्यातून आपल्या होड्यांवर ओढून घेतले. त्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर आपापल्या माणसांची वाट पाहत जे उभे होते, त्यांच्या लेखी 'बोट' हा शब्द पुन्हा पहिल्यासारखा झाला नसेल. आजही तेथे 'रामदास जहाज' म्हणत नाहीत. 'रामदास बोट' असेच म्हणतात, जणू ते एखाद्या माणसाचे नाव आणि आडनाव असावे. शब्द परका आहे, तो काढून टाका, असे सुचवणाऱ्याने हे नाव एकदा त्या लोकांच्या तोंडून ऐकावे.

आता मुंबईहून मांडव्याला जाणे सोपे झाले आहे. गेटवे ऑफ इंडियापासून लाँच जातात, कॅटमरान जातात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींना पोटात घेऊन जाणारी मोठी बोटही जाऊ लागली. तिला लोक 'रो-रो' म्हणतात. कॅटमरान या नावाचा दिमाख पाहून तो खास विलायती शब्द असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो तमिळ. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे लाकूड. पूर्व किनाऱ्यावरचे कोळी ओंडके एकत्र बांधून समुद्रात जात, त्या साध्या तराफ्याचे ते नाव. इंग्रजांनी ते उचलले, विलायतेला नेले, तेथे ते दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटीला चिकटले, आणि अर्ध्या जगाला वळसा घालून ते मांडव्याच्या धक्क्याला लागले. तमिळनाडूहून सरळ आले असते तर वाट जवळची होती. पण शब्द काही जवळची वाट पाहून निघत नाहीत. नागावच्या पुळणीवर सुटीत येणारी मुले केळ्याच्या आकाराच्या, रबराच्या फुगीर बोटीवर बसून किंचाळत समुद्रात जातात. तिला 'बनाना बोट' म्हणतात. केळ्याला नवा शब्द घ्यावा लागला. 'बोट' मात्र घरातलीच होती.

पावसाळ्याच्या तोंडाशी मासेमारी थांबते. बोटी किनाऱ्यावर ओढून घेतात आणि वरून झाकून शाकारून ठेवतात, घर शाकारावे तशा. त्या दिवसांत कोळीवाड्यात जाळी विणली जातात, इंजिने उघडली जातात, बोटीच्या अंगाला नवा रंग चढतो. मग श्रावण येतो, नारळी पौर्णिमा येते. नवी लुगडी नेसलेल्या बाया नारळ घेऊन पाण्याकडे निघतात. समुद्राची पूजा होते; पण त्याआधी घरची म्हातारी हातात तबक घेऊन ओल्या वाळूतून बोटीपाशी जाते. मोठमोठ्याने बोलणारे खलाशी जरा बाजूला होतात. ती उजव्या हाताचे बोट कुंकवात बुडवते, टाचा उंचावते, आणि ते बोट बोटीच्या पुढच्या टोकाला लावते.